व्यवसायाचा रकाना

अक्षय्य तृतीया शुक्रवारीच होऊन गेली होती. पण सिंगापुरातले सण पंचांग बघून येत नाहीत, शनिवार बघून येतात. त्यामुळे पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये भिकाजीपंत कोंडकरांना आंब्याचा नैवेद्य दाखवायचा तो एक दिवस उशिराच. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि भिकाजीपंतांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नव्हतं.

भिकाजीपंत म्हणजे सरोजिनीबाईंच्या यजमानांचे पणजोबा. दीडशे वर्षांपूर्वी आंबेकोंडच्या उघड्याबोडक्या कातळावर हापूसची पहिली कलमं लावणारा माणूस. त्यांना पहिला आंबा दाखवल्याशिवाय घरात कुणी आंब्याला तोंड लावायचं नाही, असा कोंडकरांचा नियम. गेल्या मंगळवारी अश्विन हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून आला तेव्हा त्याच्या शर्टावर पिवळा डाग होता. सरोजिनीबाईंनी तो डाग धुतला आणि तोंड बंद ठेवलं. लेक बँकेत कितीही मोठा साहेब होवो, आईला त्याचे डाग कळतातच.

त्या आता स्वयंपाकघरात आंबे पिळत होत्या. नात ऋता शेजारी उभी राहून कोयी एका बाजूला ठेवत होती.

"ह्या फेकायच्या ना, आजी?"

"फेकायच्या? तुझे आजोबा घर डोक्यावर घेतील. कॉरिडॉरमधल्या कुंड्यांत लावायच्यात त्यांना. खुद्द भिकाजीपंतांच्या बागेतल्या आंब्यांच्या कोयी आहेत त्या, बाग आता दुसरे कसत असले म्हणून काय झालं!"

कॉरिडॉरमध्ये आधीच तीन रोपं होती, सहा वर्षांची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत फांद्या जात होत्या आणि टाउन काउन्सिलचं दुसरं पत्र फ्रिजवर चिकटवलेलं होतं. प्रबोधरावांनी त्याला दोन पानी इंग्रजी उत्तर लिहिलं होतं, 'ही झाडे नसून परंपरा आहे' अशा आशयाचं.

"पण आजी, कोयीतून हापूस येत नाही," ऋता म्हणाली. "रायवळ येतं काहीतरी. हापूसचं कलमच बांधावं लागतं."

सरोजिनीबाईंचा हात थांबला. "अगंबाई! मग सहा वर्षं आम्ही पाणी कशाला घालतोय? आणि तुला गं हे कुणी सांगितलं?"

"शेतावरच्या अंकलनी."

"कुठल्या शेतावरच्या?"

ऋताने एक कोय उचलली, पुन्हा खाली ठेवली. "क्रांजीला. भाज्यांचं शेत आहे. आजी, मी राजीनामा दिलाय. काल ऑफिसात शेवटचा दिवस होता. सोमवारपासून मी तिकडे जाणार. शिकायला नाही, कामाला."

सव्वीस वर्षांची पोर, अकाउंटन्सीची डिग्री, सिंगापुरातल्या बड्या ऑडिट फर्ममध्ये चार वर्षं. सरोजिनीबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. किती शनिवार ती 'मैत्रिणीकडे' जात होती, हे त्यांना आत्ता मोजता आलं.

"बाबाला सांगितलंस?"

"आज सांगणार. आजोबा आहेत ना. ते माझ्या बाजूने बोलतील. त्यांनी भिकाजीपंतांवर केवढं लिहिलंय! ते बोलले की बाबा ऐकेल. आणि नाही ऐकलं..." ती हसायला गेली, पण ते हसू काही जमलं नाही. "तरी मी जाणारच आहे, आजी. पण घरातल्या सगळ्यांशी भांडून सकाळी बाहेर पडायचं, मला ते नकोय."

सरोजिनीबाईंनी आमरसात वेलची घातली. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती. नवरा वेळेला कुणाच्या बाजूने बोलतो हे त्यांना ठाऊक होतं. पण पोरीच्या आशेवर सकाळीच पाणी कसं ओतायचं? "बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

नैवेद्य झाला, जेवणं झाली. मग सगळे हॉलमध्ये जमले, कारण आजचा खरा कार्यक्रम पुढेच होता. कोंडकरांचा कुलवृत्तांत छापायला चालला होता. कुळातली यच्चयावत माणसं, जन्म, शिक्षण, व्यवसाय, लग्न, सगळं एका जाडजूड पुस्तकात. पुण्याच्या समितीचे रवींद्र गेले सहा महिने मेसेज पाठवून सगळ्यांच्या मागे लागले होते आणि आज संध्याकाळी शेवटची मुदत होती. सिंगापूर शाखेची माहिती भरायचं काम प्रबोधरावांचे धाकटे भाऊ उल्हास यांच्याकडे होतं. ते सेम्बावांगहून लॅपटॉप काखेत मारून सकाळीच आले होते. आणि पहिल्या पानावरचं मूळपुरुषाचं चरित्र प्रबोधरावांकडे. सेम्बावांगच्या गोदीत अठ्ठावीस वर्षं जहाजं दुरुस्त केलेला माणूस. निवृत्तीनंतर पाच वर्षं त्यांनी ह्या बारा पानांना दिली होती.

प्रबोधराव टीव्हीसमोर उभे राहिले. नवा सदरा घातला होता. एकोणऐंशीव्या वर्षी आवाज अजून खणखणीत होता, आणि तो तसा आहे हे त्यांना माहीत होतं.

"'सन अठराशे एकाहत्तरच्या सुमारास,'" त्यांनी वाचायला सुरुवात केली, "'मामलेदार कचेरीतील सुखाच्या कारकुनीस लाथ मारून भिकाजीपंत कातळाकडे वळले. जेथे कुसळही उगवत नव्हते, तेथे त्यांनी पहारीने खड्डे खोदले, टोपल्यांनी माती वाहिली, गोव्याकडून कलमे आणिली. पहिल्या वर्षी चाळीस कलमे लावली, त्यांतील अडतीस जळाली. भिकाजीपंत डगमगले नाहीत.'"

"वा!" उल्हासराव म्हणाले. "दादा, अंगावर काटा आला."

अश्विनने एसीचं तापमान वाढवलं. त्याची बायको अनघा भक्तिभावाने ऐकत होती, म्हणजे मांडीवरच्या फोनकडे दर दोन मिनिटांनीच बघत होती. ऋता मात्र जमिनीवर बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकून, खरोखरच ऐकत होती.

"'या भगीरथ प्रयत्नात,'" प्रबोधरावांनी आवाज चढवला, "'संपूर्ण कुटुंब त्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहिले.'"

सरोजिनीबाईंना जोराचा ठसका लागला. अनघा धावत पाणी घेऊन आली. "काही नाही गं, वेलची अडकली," त्या म्हणाल्या. वेलची कसली! कपाटात पासपोर्टच्या खाली बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा होता, आणि त्यात एक कागद. चार वर्षांपूर्वी पुण्याहून आल्यावर प्रबोधरावांनी तो तिथे सरकवला होता. बायको कपाट आवरते, हे बहुतेक त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. त्रेपन्न वर्षांत कुठल्या नवऱ्याच्या येतं म्हणा!

टाळ्या झाल्या. मग उल्हासरावांनी चष्मा चढवून लॅपटॉप मांडीवर घेतला. "हां, आता आपली माहिती. पटापट सांगा. अश्विन कोंडकर. व्यवसाय?"

"बँकिंग."

"बँकिंग. अनघा, आयटी. दादा सेवानिवृत्त, वहिनी गृहिणी. इथे यादीच दिलीये, नुसतं टिचकी मारून निवडायचं. समितीने काम फार सोपं केलंय." त्यांनी मान वर केली. "ऋता. ऑडिट म्हणजे लेखापरीक्षण, बरोबर?"

"शेती," ऋता म्हणाली.

सगळे हसले. उल्हासराव तर पोट धरून हसले. "शाब्बास! रक्त बोलतं ते असं!"

"नाही, उल्हासआजोबा, खरंच शेती. मी जॉब सोडला. सोमवारपासून क्रांजीला भाज्यांच्या शेतावर काम करणार आहे."

हसू एकेकाच्या तोंडावरून उतरलं. उल्हासरावांचं सगळ्यात शेवटी, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं आणि त्यांनी 'काय म्हणाली?' असं दोनदा विचारलं.

"सोडला म्हणजे?" अश्विन म्हणाला. "न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, बाबा."

"अर्थात नाही म्हणालो असतो! तुझ्या आजोबांनी गोदीत जहाजांच्या पोटात शिरून, भाजून निघून मला शिकवलं. मी तुला शिकवलं. कशासाठी? तू पालक लावावास म्हणून?"

"पालक नाही, कायलान."

"जी कुठली चिनी पालेभाजी असेल ती!"

"त्या शेतांची लीज तरी उरलीये का?" अनघाने नवऱ्याची बाजू धरली. "सगळ्यांची संपत आलीये, मी वाचलंय. दोन वर्षांनी सरकार जमीन परत घेईल. मग काय करशील?"

"मग दुसरीकडे जाईन. आई, माणसं खातच राहणार आहेत लाह."

"हे सिंगापुरी लाह-बिह नको. मला मराठी मंडळात बायका विचारतात, मुलगी काय करते. काय सांगू मी? चिखल तुडवते?"

"मागच्याच महिन्यात तू मंडळात भिकाजीपंतांवर भाषण केलंस. पायोनियर फार्मरच्या घराण्यातली सून आहे म्हणालीस. त्यांनी काय तुडवलं होतं, कार्पेट?"

अनघाने फोन हातात घेतला. वार बरोबर बसला होता. सरोजिनीबाईंना सुनेची दयाही आली आणि हसूही.

उल्हासरावांनी मध्यस्थी करायची म्हणून घसा खाकरला. "हे बघ बाळा, शेती चांगलीच. मी तर शाब्बास म्हणालो ना? पण वीकेंडला कर की. छंद म्हणून. माझ्या बाल्कनीत मी मिरच्या लावल्यात." मग स्क्रीनकडे बघून ते थबकले. "आणि दुसरं म्हणजे, ह्या यादीत शेती नाहीच्चे."

"काय?"

"नाही ना! आयटी आहे, बँकिंग आहे, वैद्यकीय, शिक्षण, प्रशासन, गृहिणी, विद्यार्थी, सेवानिवृत्त, निरुद्योगी. शेती नाही. थांब, रवींद्रला विचारतो." त्यांनी मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "'गेल्या तीन पिढ्यांत कुणीच नसल्यामुळे पर्याय ठेवला नाही. क्षमस्व. जय भिकाजीपंत.'"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. खरं तर ते हसण्यासारखंच होतं. ऋता उठली आणि आजोबांच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली.

"आजोबा, तुम्ही सांगा ना ह्यांना. तुम्हीच लिहिलंय, सुखाच्या कारकुनीस लाथ मारून. मीपण तेच केलंय."

प्रबोधरावांनी बारा पानांच्या कडा जुळवल्या. एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. सरोजिनीबाई श्वास रोखून बघत होत्या. बोला हो, त्या मनात म्हणत होत्या, आयुष्यात एकदा तरी छापलेलं आणि बोललेलं सारखं येऊ द्या.

"ऋता," प्रबोधराव म्हणाले, "तो काळ वेगळा होता. पूर्वजांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवायचा असतो बाळा. लगेच अंगात आणायचा नसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबा सांगतोय ते ऐक."

ऋताने आजोबांच्या खुर्चीवरचा हात तेवढा काढून घेतला. ते सरोजिनीबाईंनी बघितलं. लहानपणी पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात हिने असाच हात सोडला होता, न रडता, आणि आजी मात्र घरी येईपर्यंत रडली होती.

"मग मी काय टाकू?" उल्हासरावांनी विचारलं. "रवींद्र थांबलाय."

"टाका ना, यादीत आहे की," अश्विनचा आवाज चढला. "शेवटचं काय म्हणालात ते? निरुद्योगी. घरातल्या कुणाला विचारायचं नाही, चांगली नोकरी टाकायची, समजावलं तरी ऐकायचं नाही. तेच टाका. निरुद्योगी!"

प्रबोधरावांच्या हातातलं शेवटचं पान निसटून खाली पडलं. ते उचलायला ते वाकले नाहीत. त्यांची नजर सरळ बायकोकडे गेली, आणि सरोजिनीबाई आपल्याकडेच बघताहेत हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. तुला माहितीये, असं ती नजर म्हणाली. हो, सरोजिनीबाईंची नजर म्हणाली.

सरोजिनीबाई उठल्या आणि बेडरूममध्ये गेल्या. कपाटासमोर त्या जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. धाकट्या भावासमोर नवऱ्याला खाली बघायला लावलं, असं आजवर त्यांनी एकदाही केलं नव्हतं. गोदीतली बढती हुकली तेव्हा नाही, फ्लॅट घेताना चुकलं तेव्हा नाही. आणि आज तर त्यांचा दिवस होता, नवा सदरा घातला होता. डबा परत आत ढकलावा, आमरस वाटावा, रात्री पोरीला जवळ घेऊन समजूत काढावी, हे सगळं सोपं होतं. पण मग सोमवारी सकाळी ती एकटी निघणार. घरातलं कुणी दाराशीही येणार नाही. सरोजिनीबाईंनी डबा उघडला.

"अगं, राहू दे ते," प्रबोधराव दारातूनच हळू आवाजात म्हणाले. ते मागोमाग आले होते.

"चार वर्षं राहू दिलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पोरीसाठी एक शब्द बोलला असतात, तर अजून चाळीस वर्षं राहू दिलं असतं. सरका."

हॉलमध्ये येऊन त्यांनी कागद अश्विनच्या हातात दिला. वर मोडी अक्षरांची झेरॉक्स होती, आणि खाली पुण्याच्या जाणकाराने बॉलपेनने तेच बाळबोधीत उतरवून दिलेलं. "वाच. मोठ्याने वाच, काकांना ऐकू जाऊ दे."

"हे काय आहे?"

"वाच म्हटलं ना!"

अश्विन वाचू लागला. मराठी वाचायची सवय सुटलेली, त्यामुळे शब्द सुटेसुटे येत होते.

"'भिकाजी. वय वर्षे एकोणतीस. कचेरीची चाकरी होती, ती टाकिली. घरात कोणास पुसिले नाही. कातळावर खड्डे मारितो. समजाविले, ऐकत नाही.'" तो थांबला.

"पुढे."

"'तीर्थरूपांनी बोलणे टाकिले आहे. बायको डोईवरून पाणी वाहते, लोक हसतात. उद्योग काही नाही.'" त्याने शेवटच्या शब्दांखाली बोट धरलं. "'निरुद्योगी समजावे.'"

खाली कुठेतरी बसचा दरवाजा फुसकन उघडला आणि मिटला. एवढा आवाज वर बाराव्या मजल्यावर ऐकू येतो हे कुणाच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

"कुणी लिहिलंय हे?" अश्विनने विचारलं.

"त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावाने," सरोजिनीबाई म्हणाल्या. "घराण्याची वंशावळ लिहीत होते. तोही एक कुलवृत्तांतच म्हण."

"दादा!" उल्हासराव ओरडलेच. "आणि तू लिहिलंस, संपूर्ण कुटुंब पाठीशी उभं राहिलं?"

प्रबोधराव खुर्चीत बसले. "सगळ्यांच्या चरित्रात असं वाक्य असतं," ते म्हणाले. "ते नसलं तर चरित्र अपुरं वाटतं."

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?" ऋताने विचारलं. "तरी मला म्हणालात बाबाचं ऐक?"

"हो." त्यांनी हातातली पानं मांडीवर उपडी ठेवली. "मला त्या कागदाची लाज वाटायची, बाळा. भिकाजीपंतांची नाही. त्या भावाची. केवढा सुज्ञ माणूस, आणि समोर काय चाललंय ते दिसलं नाही त्याला, असं वाटायचं. आणि आज मी..." बारा पानं लिहिणाऱ्या माणसाला पुढचं एक वाक्य सापडेना. "माझं चुकलं," ते शेवटी म्हणाले, आणि हे त्रेपन्न वर्षांत सरोजिनीबाई दुसऱ्यांदाच ऐकत होत्या.

अश्विन अजून कागदच बघत होता. समजाविले, ऐकत नाही. हे वाक्य त्याने दोन मिनिटांपूर्वी स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. तो चिडलेलाच होता, ते सरोजिनीबाईंना दिसत होतं. पण आता आपण नक्की कुणावर चिडलोय ते त्याला ठरवता येत नव्हतं.

उल्हासरावांचा फोन किणकिणला. "रवींद्र. विचारतोय, सिंगापूरचं झालं का? मी आता काय टाकू? सांगा बुवा कुणीतरी."

सगळे अश्विनकडे बघू लागले. ऋताने बघितलं नाही.

"निरुद्योगी टाका," अश्विन म्हणाला.

"अश्विन!" अनघा म्हणाली. ती मघाशी त्याच्याच बाजूने होती.

"अगं, शेती यादीत नाहीच तर काय करणार? भिकाजीपंतांना चाललं, तर हिला का नाही चालणार?" त्याने कागद जुन्या घडीवर घडी घालून आईला परत दिला. "शंभर वर्षांनी कुणीतरी हिच्यावरपण बारा पानं लिहील. हिचा बाप खंबीरपणे पाठीशी उभा होता, असंसुद्धा लिहील. लोकांचं काय, काहीही छापतात." मग लेकीकडे न बघताच त्याने विचारलं, "सोमवारी किती वाजता पोचायचंय?"

"साडेसहा," ऋता म्हणाली.

"साडेसहा? क्रांजी म्हणजे बेटाचं दुसरं टोक. पहिली एमआरटी ट्रेन पकडलीस तरी पोचणार नाहीस."

"टॅक्सी करीन."

"पहिल्याच दिवशी शेतावर टॅक्सीने जाणार? लोक हसतील. मी सोडतो." तो पुटपुटला, "मला मान्य नाही हां हे. फक्त सोडतो."

"ओके, बाबा."

"आणि टोपी घे. मोठी," अनघा म्हणाली, आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. तिथून तिचा आवाज आला, "आणि पाणी तिथे मिळतं की नाही? मी दोन बाटल्या भरून देईन. मोठ्या!"

ऋता हसली, आणि मग हसता हसताच रडायला लागली. उल्हासरावांनी यादीतल्या शेवटच्या पर्यायावर टिचकी मारली आणि सिंगापूर शाखेची माहिती पुण्याला रवाना झाली.

प्रबोधरावांनी खाली पडलेलं पान उचललं. खिशातलं पेन काढून ते 'संपूर्ण कुटुंब'वर रेघ ओढणार, एवढ्यात सरोजिनीबाईंनी त्यांचा हात धरला.

"नका खोडू," त्या म्हणाल्या. "तिथून काढा आणि जपून ठेवा. ऋताच्या पानावर लागेल."

"तिच्यासाठी तरी ते खरं आहे का, सरोजिनी?"

सरोजिनीबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. अनघा सोमवारच्या बाटल्या शनिवारीच धुऊन उपड्या घालत होती.

"निम्मं आहे," त्या म्हणाल्या. "भिकाजीपंतांच्या वेळेपेक्षा बरं."